दाव्यास कारण की...

वकील शोधत गेलेल्या माणसाला आधी भेटतो तो वकिलाचा कारकून, आणि पुढं वर्षानुवर्षं भेटत राहतो तोही तोच. साताऱ्याच्या कोर्टात त्याला अण्णा म्हणतात, सांगलीत विजयनगरला बापू, कराडला तात्या. माणूस एकच. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत फायलींचा गठ्ठा आणि हातातल्या पिशवीत दाभण, दोरा, डिंकाची बाटली, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, कोर्ट फी स्टँप आणि दोन-तीन कोरी वकीलपत्रं. ‘साहेब आहेत का?’ असं कुणी विचारलं की तो मान वर न करता सांगतो, ‘साहेब बोर्डावर आहेत.’ साहेब त्या वेळी कँटीनला असले तरी हेच उत्तर. त्याला खोटंही म्हणता येत नाही. बोर्डावर साहेबांची केस लागलेली असतेच.

सोयीसाठी आपण त्याला अण्णाच म्हणू. बापूंनी आणि तात्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

सिनेमातलं कोर्ट बघून ज्यांची मतं झाली आहेत त्यांना वाटतं, खटला म्हणजे उलटतपास, टेबलावर आपटलेली मूठ आणि ढसाढसा रडणारा साक्षीदार. दिवाणी कोर्टात हे सगळं फार उशिरा येतं, आणि तोवर दाव्याचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं. पार्टी कुणाला केलं, कागद कुठला लावला, कुठला राहिला, तारीख कुठली घातली, यातच हारजीत ठरलेली असते. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा जन्म साताऱ्यातला. न्यायाधीश दिल्याचा साताऱ्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण न्यायाधीशापुढं कागद कुणी लावून ठेवले होते, याची नोंद कुठं सापडत नाही.

अशील येतो तो आजोबापासून सुरुवात करतो. ‘आमचं आज्जं लई साधं माणूस वो अण्णा...’ अण्णा हुं हुं करतात, पण नजर त्याच्या पिशवीवर. ‘सातबारा आणलाय?’ ‘आणलाय.’ ‘आठ-अ?’ ‘व्हय.’ ‘फेरफार?’ इथं अशील जरा थांबतो. फेरफार त्यानं आणलेला नसतो, कारण साध्या आज्ज्यानं त्यात काय करून ठेवलंय ते त्याला चांगलं ठाऊक असतं. अण्णांना तेवढं थांबणं पुरतं. ते सातबारावरून फेरफाराचा नंबर उतरवून घेतात, नक्कल काढायला लावतात आणि साहेबांची भेट त्यानंतर ठेवतात. डॉक्टरला आणि वकिलाला खोटं सांगू नये म्हणतात. अण्णांचा अनुभव असा, की लोक डॉक्टरला खरं सांगतात कारण तिथं सुई असते. अण्णांकडचं दाभण फक्त कागदाला लागतं.

कागद जमले की प्रश्न येतो तारखेचा. प्रत्येक दाव्यात एक कलम असतं: ‘दाव्यास कारण अमुक तारखेस, मौजे अमुक येथे, या कोर्टाचे स्थळसीमेत घडले.’ अशिलाला तारीख ठाऊक नसते. भावानं बांध कोरला, ताल पाडली, औत घातलं, कधी? ‘झालं की लई दिस.’ हे ‘लई दिस’ ऐकलं की अण्णांच्या पोटात गोळा येतो. कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलात तर मालकीत न शिरताही ताबा परत मागता येतो. त्यानंतर आलात तर मालकीची सगळी पोथी उघडावी लागते. म्हणून अण्णा सणावारांनी तारीख शोधतात. ‘बेंदराच्या आधी का नंतर?’ ‘बेंदराच्या दिशीच की! बैलं धुवायला गेलो आन् ह्यानं टॅक्टर घातला.’ अण्णा बोटं मोजतात. बेंदूर आषाढात, आणि हा गडी उगवलाय महाशिवरात्रीला. ‘संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या निमित्तानं तरी यायचं होतं ओ,’ असं म्हणून ते मालकीच्या पोथीसाठी जाडी फाईल काढतात.

खरं कारण मात्र बांध नसतंच. अण्णा चहा मागवतात, आणि अर्धा चहा झाल्यावर कळतं की थोरल्याच्या पोरीच्या लग्नात धाकट्याच्या बायकोला आहेराचं पातळ हलकं आलं होतं. त्या पातळावरून बोलणं बंद झालं, त्यातून पाण्याची पाळी चुकली, पाळीवरून विहिरीचा हिस्सा निघाला आणि विहिरीवरून बांध. अण्णा हे सगळं ऐकतात आणि यातलं एक अक्षर लिहीत नाहीत. कोर्ट दोन्ही बाजूंचे कागद बघून मुद्दे काढतं: दावा मिळकतीत वादीची वहिवाट आहे हे वादी सिद्ध करतो काय, प्रतिवादी तीस हरकत करतो हे वादी सिद्ध करतो काय, मनाई मिळण्यास वादी पात्र आहे काय, हुकूम काय. पातळ हलकं होतं काय, असा मुद्दा निघत नाही. आजवर कुठल्याही कोर्टानं तो काढलेला नाही, आणि म्हणून माझं असं मत आहे की निम्म्या दाव्यांचे निकाल मूळ भांडणाला स्पर्शही न करता लागतात.

वाटपाच्या दाव्यात अण्णांची कला खुलते. तिथं वंशावळ काढावी लागते. आडवा कागद, वर मूळपुरुष, खाली फांद्या, मयताच्या नावापुढं फुली. अशील भाऊ सांगतो, चुलते सांगतो, चुलत्यांचे मुलगे सांगतो आणि गप्प बसतो.

‘बहिणी?’

‘हायत की दोघी. पण त्या दिल्या घरी सुखी हायत.’

‘सुखी आहेत त्यांनाच आधी पार्टी करायचं.’

महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं बसवलं. तिला वगळून दावा केला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ‘आवश्यक पक्षकार नाहीत’ म्हणून बोट ठेवतो. त्यात आणखी एक गंमत आहे. 1994 पासूनच राज्यात मिळकतीच्या वादात बाईमाणसाला कोर्ट फी माफ आहे. हे अशिलाला कुठून तरी, बहुतेक एसटीत, कळलेलं असतं. तो पुढं सरकून कुजबुजतो, ‘अण्णा, भनीलाच वादी करूया का? फी वाचंल.’ अण्णा चष्मा काढतात. ‘फी वाचेल, हिस्सा जाईल. कुठलं परवडतं ते घरी बोलून या.’ घरी तीन दिवस खलबत होतं. चौथ्या दिवशी अशील येतो तो हक्कसोडपत्राचा खर्च विचारत येतो, आणि रक्षाबंधन किती लांब आहे याचा अंदाज घेत.

वंशावळ एकदा काढली की संपली असं नाही, कारण माणसं मरतात. पक्षकार वारला की 90 दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा रद्दबातल होतो. मग तो उठवायला आणखी 60 दिवस, आणि तेही गेले तर विलंबमाफीचा अर्ज. तीस-पस्तीस प्रतिवादींच्या वाटपाच्या दाव्यात शेवटच्याला समन्स लागेपर्यंत पहिला वारलेला असतो. पहिल्याचे वारस लावेपर्यंत सातवा. म्हणून अण्णा सकाळी पेपर उघडतात तो निधनवार्तेच्या पानावर. संगम माहुलीच्या घाटावर दहाव्याला ते हमखास दिसतात, टोपी घातलेले, चेहरा योग्य तेवढा पडलेला. लोकांना वाटतं, अण्णा माणुसकीला धरून आहेत. ते आहेतच; पण घाटावर कोण कोण बसलंय, कुठली मुलगी कुठल्या गावाहून आली, नातू सज्ञान दिसतो की अज्ञान, हे सगळं त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर उतरत असतं. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला की बाकीचे मयताची शेवटची इच्छा आठवू लागतात. अण्णा त्या वेळात पत्ते पूर्ण करतात.

समन्सची बजावणी हा वेगळाच खेळ. हुकूम कोर्टाचा, भत्ता वादीचा, फटफटी अण्णांच्या भाच्याची आणि मागं बसलेला बेलीफ. प्रतिवादी ऊस तोडायला गेलेला असतो, देवाला गेलेला असतो, पुण्याला पोराकडं गेलेला असतो. एकदा मी स्वतः बघितलेला प्रकार सांगतो. ओट्यावर बसलेल्या गृहस्थांनी बेलीफाला ठणकावून सांगितलं, ‘त्यो न्हाय घरात.’ ‘मग आपण कोण?’ ‘मी त्येचा भाऊ.’ बेलीफानं दुसरा कागद काढला. ‘बरं झालं भेटलात. तुमचंबी हाय.’

समोरच्या बाजूला दुसरे अण्णा बसलेले असतात, हे इथं सांगायला हवं. त्यांचं काम कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर. कायद्यानं मुदत 30 दिवस, कोर्टानं वाढवली तर 90. सुप्रीम कोर्टानं 2005 मध्ये सांगितलं की योग्य कारण असेल तर त्यापलीकडेही सवलत देता येईल. त्यातलं ‘योग्य कारण’ शोधण्यात कारकुनांच्या एका पिढीची प्रतिभा खर्ची पडली आहे. कैफियतीची भाषा ठरलेली: ‘कलम 1 मधील मजकूर खरा व बरोबर नाही. तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ कलम दोनलाही तेच, तीनलाही तेच. यामागं तत्त्व आहे. वादीचं जे म्हणणं स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य केल्यासारखं धरलं जातं. म्हणून सगळंच नाकारायचं. एका दाव्यात कलम एकमध्ये लिहिलं होतं, वादी व प्रतिवादी हे सख्खे भाऊ आहेत. तेही नाकबूल झालं. दोघांची म्हातारी आई त्या दिवशी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली दोघांसाठी एकच डबा घेऊन बसली होती.

मूळ दस्त हजर करा म्हटलं की सांगलीच्या बापूंकडं एक हुकमी उत्तर असतं: महापूर. 2005 ला कृष्णा आली, 2019 ला त्याहून वर आली, 2021 ला पुन्हा. आयर्विन पुलाजवळच्या पाण्यानं घरंच्या घरं धुऊन नेली, तिथं खरेदीखताची काय कथा! मूळ कागद हरवला हे दाखवलं की नकलेवर पुरावा देण्याची परवानगी मागता येते, आणि मागणारे बरेच जण खरोखरचे पूरग्रस्त असतात. बरेच, सगळे नाही. एक अशील शपथेवर सांगायला तयार होता की त्याचं भाडेपत्र 2019 च्या महापुरात वाहून गेलं. बापूंनी पत्ता वाचला. गाव जत तालुक्यातलं.

‘पाव्हणं, जतला महापूर कधी आला?’

अशील जरा विचारात पडला. ‘सांगलीला मेव्हण्याकडं ठिवलं हुतं.’

‘मेव्हणा कुठं राहतो?’

‘मिरजंत. दुसऱ्या मजल्यावर.’

बापूंनी कागद उलटा ठेवला. ‘टँकरनं सांडलं म्हणा. ते तरी पटेल.’ अर्थात तसं त्यांनी लिहिलं नाही. दोन दिवसांनी भाडेपत्र घरच्याच ट्रंकेत सापडलं. त्यात भाडं अशिलाच्या सांगण्यापेक्षा निराळं होतं, आणि पुराचं खरं उगमस्थान तिथं होतं.

2002 पासून सरतपास तोंडी होत नाही. साक्षीदाराचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर लिहून आणायचं आणि कोर्टात फक्त शपथेवर कबूल करायचं. वेळ वाचावा हा हेतू. झालं असं की माण तालुक्यातला मेंढपाळ एका रात्रीत प्रौढ मराठी बोलू लागला. ‘सदरहू मिळकतीत वादीची पूर्वापार, अखंड व निर्वेध वहिवाट असल्याचे मला माझ्या व्यक्तिशः माहितीने ठाऊक आहे.’ हे अण्णांचं गद्य. अण्णा आदल्या दिवशी त्याला ते दोनदा वाचून दाखवतात, अर्थ सांगतात, न समजेल तिथं ‘समजलं नाही’ म्हणायचं, हेही शिकवतात. दुसऱ्या दिवशी उलटतपासात समोरचे वकील गोड आवाजात विचारतात, ‘निर्वेध म्हणजे काय हो, बाबा?’ बाबा अण्णांना शोधतात. अण्णा दरवाजाबाहेर असतात. बाबा कोर्टाकडं वळून हात जोडतात. ‘साहेब, त्ये मला ठावं न्हाय. पर त्या रानात मी चाळीस वर्सं ह्येंच्याच बांधावनं मेंढरं नेतुया आन् ह्येंनीच मला शिव्या दिल्यात. दुसऱ्या कुनी न्हाय.’ अण्णांच्या साहेबांनी नंतर सांगितलं की वहिवाटीचा इतका चांगला पुरावा त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. अण्णांना मात्र वाईट वाटलं. ‘निर्वेध’ त्यांनी फार विचार करून घातला होता.

इतिहासाकडंही अण्णा याच नजरेनं बघतात. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज 1839 मध्ये कंपनी सरकारनं पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथं ठाण मांडून बसले. 1847 मध्ये महाराज काशीला वारले, 1848 मध्ये राज्यच खालसा झालं, आणि अशील नाही, मिळकत नाही, तरी वकील लंडनमध्ये अर्ज करतोच आहे. हे सांगताना माझा आवाज भरून आला होता. अण्णांनी विचारलं, ‘वारस लावले होते?’ म्हटलं, दत्तक होता, पण कंपनीनं दत्तक मानला नाही. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. ‘म्हणजे कागदातच मेलं,’ ते शेवटी म्हणाले, आणि साताऱ्याच्या गादीबद्दल त्या दिवशी त्यांना जेवढं दुःख झालं तेवढं कुठल्या बखरकारालाही झालं नसेल.

याउलट क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारबद्दल त्यांचं मन साशंक आहे. बेचाळीसनंतर कुंडल आणि आसपासच्या गावांत प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बसत. वादी-प्रतिवादी समोरासमोर, पंच गावचेच, निकाल तिथल्या तिथं. समन्स नाही, कैफियत नाही, तारीख नाही. मी कौतुकानं सांगत होतो. अण्णांना एकच शंका: ‘त्या निकालांची सर्टिफाईड नक्कल कुठं मिळते?’ या शंकेला व्यावहारिक बाजू आहे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके 1949 पर्यंत साताऱ्यात होते. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पण सांगली गाव आधी पटवर्धनांच्या संस्थानात. एकाच भांडणाचा एक कागद साताऱ्याचा, एक संस्थानी, आणि दोन्ही मोडीत. मोडी वाचणारे म्हातारे आता बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या तब्येतीची विचारपूस अण्णा जितक्या आस्थेनं करतात तितकी त्यांच्या सुनाही करत नसतील.

अलीकडं दोन संकटं आली. एक, ई-फायलिंग. दावा स्कॅन करून चढवायचा, पानांना बुकमार्क लावायचे. अण्णांनी हे भाच्याकडून शिकून घेतलं, पण चढवून झाल्यावर तेच कागद ते दाभणानं टोचून, दोरा ओवून, गाठ मारून शिवतात. पीडीएफला गाठ मारता येत नाही यावर त्यांचा विश्वास नाही. दुसरं संकट ऑगस्ट 2025 मध्ये आलं: हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. सातारा-सांगलीच्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, अण्णाही त्यात घोषणा देऊन आले. झाल्यावर लक्षात आलं, की ‘हायकोर्टात बघून घेतो’ या वाक्याची धार गेली. पूर्वी त्यामागं महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र, मुंबईचा लॉज आणि किमान चार हजारांचा खर्च उभा असायचा. ऐकणारा घरी जाऊन विचार करायचा. आता सांगलीचा माणूस म्हणतो, ‘चला की, तासाभरात पोचू.’

लोकअदालतीच्या दिवशी अण्णा गप्प असतात. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, भाऊ भावाला मिठी मारतो, फोटो निघतो. अण्णा तडजोडीची पुरसीस लिहितात, दोघांच्या सह्या घेतात आणि गाठ सोडतात. गाठ सोडताना हात जरा जड होतो. फाईल इतकी सुरेख लागलेली होती.

निकालाच्या दिवशी ते कोर्टात बसत नाहीत. पुकारा होतो, साहेब आत जातात, अशील हात जोडून मागं उभा राहतो, आणि अण्णा नक्कल विभागाच्या खिडकीशी अर्ज भरत असतात. निकाल काय लागणार याचा त्या अर्जाशी संबंध नाही. हरलो तर अपिलाला 30 दिवस, त्यातून नकलेचे दिवस वजा, म्हणून अर्ज आजच पडला पाहिजे. जिंकलो तरी नक्कल लागतेच. थोड्या वेळानं अशील धावत येतो, डोळ्यांत पाणी, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. ‘अण्णा, जिंकलो! दावा मंजूर! भावाचं तोंड बघाया पायजे हुतं तुमी!’

‘हळू बोला,’ अण्णा इकडंतिकडं बघत म्हणतात. ‘तोही अपिलाचंच बघत असेल. पेढे ठेवा तिकडं. जिल्हा कोर्टात आजच कॅव्हेट टाकू. नव्वद दिवस चालतं. पुन्हा कधी टाकायचं ते मी कळवीन. आणि भाऊ आता साठीचा आहे, त्याच्या पोरांचे पत्ते तेवढे आत्ताच देऊन ठेवा.’